एडीएचडी आणि विसराळूपणा: लक्षात ठेवण्याचं काम डोक्याबाहेर कसं न्यायचं

एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं, स्वतःला आवरणं अवघड करणारी, लहानपणापासूनची अवस्था) असलेल्या माणसाला उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. डायरी ठेव, गजर लाव, अमुक अ‍ॅप घे, जरा मन लावून ऐक. यातला एकही सल्ला तसा चुकीचा नाही. तरीही बहुतेकांचे नव्याचे नऊ दिवस संपतात आणि मागील पानावरून पुढे चालू. माझ्या मते याचं कारण क्रमात आहे. आधी साधन आणलं जातं आणि आपल्याकडून नेमकं काय, कुठल्या क्षणी निसटतंय हे बघायचं राहूनच जातं.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. तो मोठ्या माणसांसाठी लिहिला आहे. मुलांनाही हेच टप्पे लागू पडतात, पण तिथे व्यवस्था पालकांनी उभी करायची आणि पालकांनीच चालवायची असते. लेख वाचा एका बैठकीत, करा मात्र एकेक टप्पा. एका टप्प्याला साधारण आठवडा द्या.

## सुरुवातीआधी: हे तपासा

विसराळूपणा जुना आहे की नवा? एडीएचडी चाळिशीत अचानक उगवत नाही. मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात, आणि ती घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. रोजच्या कामांत विसरणं आणि लागणाऱ्या वस्तू हरवणं ही दोन्ही त्या यादीत आहेत, पण ती लक्ष न टिकण्याच्या नऊ लक्षणांपैकी फक्त दोन. १७ वर्षं किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीत किमान पाच लक्षणं लागतात. त्यामुळे नुसत्या विसरण्यावरून स्वतःचं निदान करू नका.

गेल्या काही महिन्यांतच विसरणं वाढलं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, सततची चिंता, झोपेत श्वास अडकणं, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, दारू, अ‍ॅलर्जीवरच्या आणि झोपेच्या काही गोळ्या, या सगळ्यांनी स्मरणावर परिणाम होतो. एडीएचडी आधीपासून असली तरी यातलं एखादं कारण वरून भर घालत असू शकतं.

झोप किती होते? अपुऱ्या झोपेने लक्ष ढासळतं, आणि लक्ष ढासळलं की विसरणं ओघाने आलंच. रोज पाच तास झोपणाऱ्या माणसाने खालची सगळी व्यवस्था उभी केली तरी तिचा निम्माच उपयोग होईल.

> इशारा: ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणं, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं विसरणं, किंवा अचानक गोंधळल्यासारखं होऊन बोलणं अडखळणं, ही एडीएचडीची लक्षणं नाहीत. शेवटच्या दोन गोष्टींत उद्यापर्यंतही थांबू नका.

## टप्पा १: आठवडाभर फक्त नोंद करा

या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. एखादी गोष्ट विसरल्याचं लक्षात आलं की एक ओळ लिहायची: काय विसरलं, आणि ते शेवटचं कधी लक्षात होतं. दुसरा भाग महत्त्वाचा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर होतो.

अशा नोंदी दिसायला साध्या असतात:

- मंगळवार. फोनवर सांगितलेला पत्ता. ऐकला, कळला, फोन ठेवला आणि गेला.
- बुधवार. मीटिंगची बदललेली वेळ. सांगितली म्हणतात. मला सांगितल्याचंच आठवत नाही.
- गुरुवार. वीजबिल. सकाळी गाडी चालवताना आठवलं होतं, घरी आल्यावर नाही.
- गुरुवार. गोळी घेतली की नाही, नक्की नाही.
- शुक्रवार. विम्याचा फॉर्म. रोज आठवतो. भरला नाही.

या पाच ओळींत पाच वेगवेगळ्या अडचणी आहेत, आणि घरातले लोक त्या सगळ्यांना एकच नाव देतात: वेंधळेपणा. त्या सुट्या करून बघू.

आत शिरलंच नाही. बुधवारची नोंद. समोरचा बोलत होता, लक्ष दुसरीकडे होतं. जे डोक्यात उतरलंच नाही ते आठवणार कुठून? इथे गजर कामाचा नाही.

शिरलं, पण धरून ठेवता आलं नाही. मंगळवारची नोंद. वर्किंग मेमरी, म्हणजे हातातलं काम होईपर्यंत माहिती धरून ठेवण्याची क्षमता, सगळ्यांचीच तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे साधारण चार घटक तिच्यात मावतात. एडीएचडी असलेल्या अनेकांत ती आणखी कमकुवत असते, आणि मध्येच काही आलं की आधीचं बाहेर पडतं.

साठवलेलं आहे, पण वेळेवर वर आलं नाही. गुरुवारचं बिल. कुणी विचारलं असतं तर तारीख, रक्कम सगळं सांगता आलं असतं. पुढे करायच्या गोष्टी योग्य क्षणी आठवणं ही वेगळी क्षमता आहे आणि एडीएचडीत ती बऱ्याचदा दगा देते.

केलं की नाही हेच आठवत नाही. गोळीची नोंद. अंगवळणी पडलेली कामं लक्ष न देता होतात, म्हणून त्यांची खूण मागे राहत नाही.

लक्षात होतं, सुरू झालं नाही. विम्याचा फॉर्म. हे विसरणं नव्हेच. काम कंटाळवाणं आहे, मोठं आहे, किंवा पहिली पायरी कुठली ते कळत नाही. त्यावर रिमाइंडर लावले तर ते रोज वाजतील, रोज बंद होतील आणि रोज थोडी अपराधी भावना ठेवून जातील. अशा कामाला रिमाइंडरऐवजी पहिली पायरी हवी: "फॉर्म काढून टेबलावर ठेवणे, फक्त नाव-पत्ता भरणे." सोबत कुणी शेजारी बसलं तर आणखी बरं. त्या माणसाने मदत करायची गरज नाही, तो आपलं काम करत असला तरी पुष्कळांना सुरुवात करता येते.

आठवड्याच्या शेवटी नोंदींसमोर यातला प्रकार लिहा. ज्या प्रकारच्या नोंदी जास्त, त्याच्याशी जुळणाऱ्या टप्प्यावर पुढे जास्त वेळ द्या: आत शिरलंच नाही तर टप्पा ७, धरून ठेवता आलं नाही तर टप्पा २ आणि ६, वेळेवर वर आलं नाही तर टप्पा ३ आणि ४, केलं की नाही हे आठवत नाही तर टप्पा ८. सुरूच न झालेल्या कामाचा उपाय वर आलाच आहे.

> तपासा: नोंदवहीत किमान आठ-दहा ओळी झाल्या का? नोंद करायलाच विसरलात तर तीही एक ओळ. रात्री झोपण्याआधी दिवसातल्या जेवढ्या आठवतील तेवढ्या लिहा, चालतं.

नेहमीची चूक: या टप्प्यावर "स्मरणशक्ती वाढवणारे" खेळ आणि अ‍ॅप विकत घेणं. मोनिका मेल्बी-लेर्वाग आणि चार्ल्स ह्यूम या संशोधकांनी २०१३ मध्ये वर्किंग मेमरीच्या प्रशिक्षणांवरचे अभ्यास एकत्र तपासले. सरावलेल्या कसोट्यांत माणसं पुढे गेली, पण ती प्रगती टिकल्याचा पुरावा तोकडा होता आणि ती इतर कौशल्यांपर्यंत पोचलीही नाही. तोच वेळ पुढच्या टप्प्याला द्या.

## टप्पा २: टिपण्याची एकच जागा

आता डोक्यात आलेली किंवा कानावर पडलेली प्रत्येक गोष्ट उतरवायला एक जागा ठरवा. खिशातली वही, फोनमधलं एक टिपण, किंवा व्हॉइस नोट. काय निवडता याला फारसं महत्त्व नाही. ती एकच असणं आणि हाताशी असणं याला आहे.

निवडीसाठी सोपी परीक्षा: उभ्या उभ्या, एका हाताने, कुणाशी तरी बोलत असताना पाच सेकंदांत लिहायला सुरुवात करता येते का? फोन निवडला तर इथेच घोटाळा होतो. टिपणासाठी फोन उघडला, समोर तीन मेसेज दिसले, आणि जे लिहायचं होतं ते गेलं. म्हणून टिपणाचं बटण फोनच्या पहिल्या पडद्यावर आणा, शक्य असेल तर लॉक न उघडता चालेल असं ठेवा, आणि तिथे पोचायच्या वाटेवर दुसरं काही दिसू देऊ नका. हे जमत नसेल तर सरळ कागद वापरा. वहीला पेन दोरीने बांधा, कारण वही असते आणि पेन नसतं.

मग दोन नियम.

एक, "हे काय, लक्षात राहील" असं मनात आलं की तीच लिहिण्याची वेळ. त्या क्षणी गोष्ट इतकी स्पष्ट दिसते की ती जाईल असं वाटतच नाही. दहा मिनिटांनी ती नसते.

दोन, नुसतं नाव लिहू नका, क्रियापद लिहा. "बँक" या एका शब्दावरून चार दिवसांनी काहीही कळत नाही. "बँकेत फोन करून नवीन कार्ड कुठवर आलं ते विचारणे" यावरून कळतं. आठ शब्द जास्त लागतात, पण पुन्हा विचार करावा लागत नाही.

नेहमीच्या चुका: रंगीत चिकट चिठ्ठ्या भिंतीभर लावणं हा उत्साहाच्या भरातला उपाय. तिसऱ्या दिवशी त्या भिंतीचाच भाग होतात आणि डोळ्यांना दिसेनाशा होतात. दुसरी चूक, अर्धी टिपणं वहीत, काही स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये, काही हातावर. मग टिपण कुठे आहे हेही लक्षात ठेवावं लागतं. हातावर लिहिलंच तर घरी आल्यावर ठरलेल्या जागी उतरवा.

## टप्पा ३: रोज एकदा टिपणं उपसा

टिपण्याची जागा ही तात्पुरती टोपली आहे. ती रोज रिकामी झाली नाही तर आठवडाभरात तिच्याकडे बघायची भीती वाटू लागते. दिवसातून एकदा, दहा मिनिटं, आधीच रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडून: लॅपटॉप बंद करण्याआधी, किंवा रात्री फोन चार्जिंगला लावताना.

प्रत्येक ओळीला तीनच वाटा:

1. दिवस-वेळ ठरलेली असेल तर कॅलेंडर.
2. वेळ ठरलेली नसेल तर कामांची यादी.
3. आता गरज नसेल तर काट.

सगळं कॅलेंडरमध्ये टाकण्याचा मोह टाळा. "कपाट आवरणे" अंदाजाने शनिवारी ११ ला टाकलं आणि झालं नाही की कॅलेंडरवरचा विश्वास उडतो. मग खरी अपॉइंटमेंटसुद्धा "असेल अशीच काहीतरी" म्हणून दुर्लक्षित होते. कॅलेंडरमध्ये फक्त तेच, जे त्या वेळी न झाल्यास खरोखर काही बिघडेल.

कॅलेंडर आणि यादी ही जोडी साधी वाटते, पण ती मोठ्यांच्या एडीएचडीवरील बोधात्मक वर्तनोपचारात (सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार) पायाची मानली जाते. स्टीव्हन सॅफ्रन आणि मेरी सोलांटो या संशोधकांच्या गटांनी असे कार्यक्रम तपासले, दोन्हींचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत लक्षणं कमी झालेली दिसली. अशा उपचारांचं प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ मिळाले तर हे टप्पे त्यांच्या मदतीने करणं केव्हाही चांगलं.

कॅलेंडरमध्ये लिहिताना एक गोष्ट बहुतेकांकडून राहते. "१० वाजता डॉक्टर" ही एकच नोंद पुरत नाही. ती तीन ठिकाणी जाते: आदल्या रात्री "रिपोर्ट बॅगेत टाकणे", सकाळी ९:१० ला "घरातून निघणे", आणि मग १० ची भेट. एडीएचडीत वेळेचा अंदाज बऱ्याचदा कमी पडतो, त्यामुळे तयारीला आणि प्रवासाला मनात येईल त्याच्या दीडपट वेळ धरा. अनेकांच्या बाबतीत "विसरलो" म्हणून ओळखला जाणारा उशीर हा खरं तर निघण्याची वेळ कुठेच लिहिलेली नसल्यामुळे झालेला असतो.

> तपासा: सात दिवसांपैकी चार दिवस टोपली रिकामी झाली तरी पुढे जा. रोज होईपर्यंत थांबलात तर इथेच अडकाल.

## टप्पा ४: आठवण योग्य जागी आणि योग्य क्षणी आली पाहिजे

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडं सावकाश.

आधी प्रसंगाला जोडा, मग घड्याळाला. "सहा वाजता कर" हे लक्षात ठेवायला मेंदूला मध्येमध्ये आपणहून वेळेकडे बघावं लागतं. एडीएचडीत नेमकं तेच अवघड. याउलट "दाराचं कुलूप उघडलं की" ही खूण समोर येऊन उभी राहते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये अशा "जर-तर" पद्धतीच्या बेतांवर सविस्तर मांडणी केली, आणि एडीएचडी असलेल्या मुलांवरही त्यांचा उपयोग तपासला गेला आहे. बेत असा लिहायचा: "घरी आल्यावर चप्पल काढली की, बॅगेतली कागदपत्रं ट्रेमध्ये टाकीन." खूण अशी हवी, जी रोज हमखास घडते आणि चुकवता येत नाही. "वेळ मिळाला की" ही खूण नव्हे.

घड्याळाचाच गजर हवा असेल तर तो जिथे काम करता येईल तिथे वाजू द्या. बिल भरायचा रिमाइंडर गाडी चालवताना वाजला तर त्याचा उपयोग शून्य. प्रत्येक रिमाइंडर लावताना एकच प्रश्न विचारा: तो वाजेल तेव्हा मी कुठे असेन, आणि माझ्या हातात काय असेल?

गजराला मजकूर द्या. नुसता आवाज झाला की तो कशासाठी होता हेच आठवत नाही. मजकुरात पहिली हालचाल लिहा: "उठ, लॅपटॉप उघड, वीजबिल भर."

काम सुरू होईपर्यंत गजर बंद करू नका. एवढी एक सवय लावली तरी मोठा फरक पडतो. गजर वाजतो, "करतोच आता" म्हणत बोट पडद्यावरून फिरतं, आणि गजर गेला की कामही गेलं. हात बंद करायला जाण्याआधी पाय उठले पाहिजेत. उठणं खरंच शक्य नसेल तर गजर बंद करण्याऐवजी तिथल्या तिथे दुसऱ्या ठोस वेळेवर ढकला. "नंतर" ही वेळ नव्हे.

बाहेर पडण्यासाठी दोन गजर. पहिला हातातलं काम आवरण्याचा, दुसरा दाराबाहेर पडण्याचा. एकच लावला तर तो वाजतो तेव्हा माणूस कशात तरी बुडालेला असतो, आणि त्यातून बाहेर यायलाच दहा मिनिटं जातात.

> इशारा: दिवसाला पंधरा-वीस गजर लावले तर कान त्यांना सरावतात आणि सगळेच बिनमहत्त्वाचे होतात. पाच-सहाच्या वर जाऊ नका. सलग तीनदा दुर्लक्षित झालेला गजर काढून टाका, किंवा त्याची वेळ, जागा, आवाज बदला.

## टप्पा ५: वस्तू

दृष्टीआड सृष्टी ही म्हण एडीएचडी असलेल्या माणसाच्या घरात अक्षरशः खरी ठरते. ड्रॉवरमध्ये नीट ठेवलेली वस्तू असून नसल्यासारखी. म्हणून रोजच्या वस्तूंना उघड्या जागा द्या: खुंटी, ट्रे, पारदर्शक डबा. बंद कपाटं फक्त कधीतरी लागणाऱ्या गोष्टींसाठी.

जागा ठरवताना कुठे शोभून दिसेल हा विचार करू नका. चावी आत्ता आपसूक कुठे पडते ते चार दिवस बघा. दारातून येऊन दोन पावलांवरच्या खुर्चीवर पडत असेल तर खुंटी त्या खुर्चीच्या वर लावा. आतल्या खोलीत सुंदर किल्लीघर लावलं तर चावी खुर्चीवरच पडत राहील.

दाराजवळ एक "निघण्याची जागा" ठरवा. उद्या न्यायचं ते आज तिथे. न्यायची वस्तू फ्रीजमध्ये किंवा चार्जिंगला असेल तर चावी तिच्याजवळ ठेवा, म्हणजे ती घेतल्याशिवाय निघताच येणार नाही.

ज्याची परवडेल त्याची दुसरी प्रत ठेवा: चार्जर, चष्मा, छत्री. चावी आणि पाकिटाला ट्रॅकर लावता आला तर लावा.

## टप्पा ६: मध्येच सुटणारी कामं

एका खोलीतून दुसरीत गेलो आणि कशाला आलो ते आठवेना, हे कुणाचंही होतं. एडीएचडीत ते दिवसभर होतं, आणि त्याचं एक कारण "हातासरशी" हा शब्द. कपडे मशीनमध्ये टाकायला निघालो, वाटेत टेबल दिसलं, हातासरशी तेही पुसून घ्यावं म्हटलं, फडकं शोधायला गेलो, आणि कपडे संध्याकाळपर्यंत बादलीत. इतरांना उपयोगी पडणारी ही सवय तुमच्यासाठी महाग पडते. वाटेत दिसलेलं काम टिपा आणि हातातलं पूर्ण करा.

कुणी हाक मारली आणि उठावंच लागलं तर उठण्याआधी एक ओळ लिहा: "पुढे: तिसऱ्या परिच्छेदात आकडे घालणे." दहा सेकंद लागतात. लिहिणं शक्य नसेल तर कामाशी संबंधित वस्तू हातात घेऊनच उठा. हातात स्क्रू ड्रायव्हर असला की परत कुठे जायचं ते आठवतं.

> इशारा: शेगडी, इस्त्री, पाण्याचा नळ, सोबत असलेलं लहान मूल. जिथे विसरण्याची किंमत जिवाची आहे तिथे स्वतःच्या आठवणीवर काहीही सोपवू नका. आपोआप बंद होणारी उपकरणं घ्या. शेगडी चालू असताना खोली सोडायची तर टायमर अंगावर ठेवा, ओट्यावर नाही. मूल गाडीत मागे बसलं असेल तर स्वतःची बॅग किंवा फोन त्याच्या शेजारी ठेवा.

## टप्पा ७: ऐकलेलं आणि वाचलेलं

बोलणं चालू असताना हातात पेन ठेवा. सूचना मिळाली की आपल्या शब्दांत परत म्हणा: "म्हणजे शुक्रवारपर्यंत दोन्ही फाइली, आधी जुनी." चूक असेल तर तिथेच कळते, आणि स्वतः उच्चारल्याने गोष्ट पक्की होते. कामाच्या ठिकाणी "हे मला दोन ओळींत लिहून पाठवाल का?" असं विचारण्यात कमीपणा नाही. मध्येच लक्ष गेलं असेल तर हो-हो करण्यापेक्षा "शेवटचं वाक्य पुन्हा सांगा" म्हणणं दोघांच्याही सोयीचं.

अभ्यास करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे तेच पान पुन्हा पुन्हा वाचणं. डोळे फिरतात, मन बाहेर असतं, आणि तिसऱ्या वाचनाला ओळखीचं वाटल्यामुळे येतंय असा भास होतो. एक भाग वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा, मग ताडून बघा. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून बघणारे पुढे गेले.

## टप्पा ८: औषध

औषध चालू असेल तर ते घ्यायला विसरणं ही वेगळी अडचण, कारण ज्या वेळी गोळी घ्यायची तेव्हा तिचा परिणाम सुरू झालेला नसतो. वारांचे कप्पे असलेला डबा आणा आणि आठवड्यातून एकदा भरा. याने आठवण तर होतेच, पण "घेतली की नाही" याचं उत्तरही रिकाम्या कप्प्यावरून मिळतं. डबा रोज सकाळी हमखास हात जातो अशा वस्तूजवळ ठेवा, मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही असा.

> इशारा: घेतल्याची खात्री नसेल तर अंदाजाने दुसरी गोळी घेऊ नका, आणि चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून दुप्पट घेऊ नका. डोस चुकल्यावर काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून डब्यावर चिकटवून ठेवा. मिथाइलफेनिडेटसारखं उत्तेजक औषध दिवसाच्या उत्तरार्धात घेतलं तर झोप उडू शकते.

गोळीकडून अपेक्षा मात्र नेमकी ठेवा. तिने लक्ष टिकतं, त्यामुळे गोष्टी डोक्यात शिरण्याचं प्रमाण वाढतं. चावीची खुंटी आणि कॅलेंडर ती उभं करत नाही. औषधाचा परिणाम टिकून असतो त्या तासांत टप्पा ३ चा उपसा करा, तो तेव्हाच सोपा जातो.

## टप्पा ९: घरातल्या माणसांशी ठराव

हा टप्पा मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. तो आधी केला तर घरातलंच कुणीतरी तुमचा रिमाइंडर होऊन बसतं. "तू मला आठवण कर" हे सोयीचं वाटतं, पण काही महिन्यांत आठवण करणारा वैतागतो आणि ऐकणाऱ्याला ती कटकट वाटते. नात्यात यामुळे होणारं नुकसान विसरलेल्या बिलापेक्षा मोठं असतं.

ठराव इतकाच: तोंडी सांगितलेलं काम सांगितलेलं धरायचं नाही. काम द्यायचं तर समोर थांबून, नजर मिळवून, आणि मग ते एका सामाईक यादीत किंवा कॅलेंडरमध्ये. आतल्या खोलीतून ओरडून सांगितलेलं मोजायचं नाही.

घरच्यांसाठी एक गोष्ट. "महत्त्वाचं असतं तर लक्षात राहिलं असतं" हे वाक्य एडीएचडीच्या बाबतीत चुकीचं आहे. माणूस स्वतःला मनापासून हव्या असलेल्या गोष्टीही विसरतो. ज्यांनी लहानपणापासून बेजबाबदार, निष्काळजी अशी विशेषणं ऐकली आहेत, ते विसरणं लपवायला शिकतात. आणि लपवलेल्या चुकीवर कुणालाच उपाय करता येत नाही.

## टप्पा १०: व्यवस्था मोडल्यावर

ती मोडेल. आजारपण येईल, प्रवास होईल, नाहीतर वहीचा नुसताच कंटाळा येईल. मानसशास्त्रज्ञ फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात एखादी सवय आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगळा निघाला. तो अभ्यास एडीएचडीवरचा नव्हता, पण त्यातली एक गोष्ट इथे फार कामाची आहे: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

मोडल्यानंतरची खरी चूक दोनपैकी एक असते. एकतर नवीन अ‍ॅप शोधत बसणं, किंवा तुंबलेलं सगळं एका बैठकीत निस्तरायला घेणं. दोन्हींत रविवार जातो आणि सोमवारी पुन्हा काही नसतं. त्याऐवजी परतीचा क्रम आजच, व्यवस्था चालू असतानाच, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

1. तुंबलेली सगळी टिपणं "जुने" नावाच्या एका पानावर किंवा फोल्डरमध्ये टाका. वाचू नका.
2. टिपण्याची जागा कोरी करा आणि आज डोक्यात असलेल्या पाच गोष्टी लिहा.
3. पुढच्या सात दिवसांचं कॅलेंडर उघडा, वेळ ठरलेल्या गोष्टी बघा, निघण्याच्या वेळा टाका.
4. एकच गजर पुन्हा लावा, रोजच्या उपशाचा.
5. तीन दिवस उपसा झाला की मग "जुने" उघडा. त्यातून फक्त तारीख असलेल्या गोष्टी उचला. बाकीचं आणखी महिनाभर तिथेच राहू द्या. ज्याची तोवर कुणी विचारणा केली नाही, ते न वाचता काढून टाका.